पडण्याला ए

शुक्रवार, ४ फेब्रुवारी

आज दादाला डी दिला.

सी देता आला असता. कोणी विचारलंही नसतं. पण मग बाकीच्यांना जे देते त्याला काय अर्थ राहिला? डी म्हणजे डी.

वही नवी आहे म्हणून नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझं मलाच कळायचं नाही. दर शुक्रवारी आठ वाजता टीव्हीवर कुस्तीचा लाइव्ह शो असतो. मातीतली कुस्ती नव्हे, झगमगाटाची. मुखवटे, धूर, शिव्या, पाठीत खुर्च्या. कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बघते आणि एका वेबसाइटसाठी प्रत्येक लढतीला ग्रेड देते, ए पासून ई पर्यंत. लढत संपली की जाहिराती लागतात. त्या संपायच्या आत ग्रेड आणि चार ओळी गेल्या पाहिजेत. आणि एकदा गेलेली ग्रेड बदलत नाही. संपादकांचा नियम आहे: थुंकलेलं चाटायचं नाही.

साइटवर माझं नाव तराजू. तराजू ही बाई आहे, साहित्यात एम.ए. आहे, तिच्या कथा जिथे पाठवल्या तिथून परत आल्या आहेत, हे वाचणाऱ्यांना माहीत नाही. शोमध्ये जो घुबड आहे तो तराजूचा सख्खा भाऊ आहे, हे संपादकांनाही माहीत नाही. कळलं तर दुसऱ्या मिनिटाला काढतील.

घुबड म्हणजे करडा मुखवटा, पिवळे डोळे आणि दर आठवड्याला हार. हरण्याचाच पगार आहे त्याला. पण आज हरणंही धड जमलं नाही. बुलडोझर नावाच्या पैलवानाला उचलायला गेला आणि डावा हात सुटला. परत गेला, परत सुटला. मी लिहिलं: "पकड म्हणून काही उरलेलंच नाही. डाव्या डोळ्याची शिवण उसवलेला हा घुबड झोपेत लढतो."

आई शेजारी बसून कुणाच्यातरी पॅन्टला टीप मारत होती. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान, टीव्हीही तिथेच. घुबडाचे मुखवटेही तीच शिवते. पण लढत ती बघत नाही, फक्त दादाचा उजवा हात बघते. पडल्यावर तो उजव्या हाताची दोन बोटं जमिनीवर टकटक आपटतो. लोकांना वाटतं, दुखतंय म्हणून. ते आईसाठी असतं. मी ठीक आहे, असं. पहिल्या लढतीपासून दोघांचं ठरलेलं.

"केली टकटक," आई म्हणाली आणि पुन्हा टीप मारायला लागली.

चहा: बी मायनस. मी: सी.


रविवार, ६ फेब्रुवारी

दादा जेवायला आला होता. ताटावर बसल्याबसल्या सुरू.

"हा तराजू कोण आहे गं?"

"मला काय माहीत."

"तुमच्यातला वाटतो. 'पकड म्हणून काही उरलेलंच नाही.' असं साधा माणूस बोलतो का? हे एम.ए. झालेल्याचं काम."

"एम.ए. खूप जण असतात."

"हो ना. आणि सगळे बेकार."

मी हसले. काय करणार. तोही हसला आणि पाण्याचा ग्लास घ्यायला गेला तर तो हातातून सुटला. फरशीभर काचा.

"घरी पण डी," मी म्हणाले.

"ए, तूच राहिली होतीस ग्रेड द्यायला," तो म्हणाला. काचा मी भरल्या. तो नुसता बघत बसला. आळस: ए.

मग आईला म्हणाला, मुखवट्याला मागे नाडी नको, वेल्क्रो लाव. आई म्हणाली, नाडी घट्ट बसते. तो म्हणाला, नाडी जुनी फॅशन झाली. आई म्हणाली, "हाताला काय झालंय?" तर म्हणे हातावर झोपलो होतो.

जाताना दारात मला म्हणाला, करार मार्चअखेर संपतोय. कोण जिंकणार, कोण हरणार हे सगळं लिहितो तो माणूस, त्याला शो चालवणाऱ्या कंपनीत सगळे लेखकच म्हणतात. घुबडाला ठेवायचं की उडवून लावायचं, ते लेखक ठरवणार. "या वयात दुसरीकडे कोण घेतंय मला? मला दुसरं येतं तरी काय," म्हणाला. चेष्टेत म्हणाला. मला नीट जेवण गेलं नाही. खरं म्हणजे जेवण आधीच झालं होतं, पण तसंच वाटलं.


मंगळवार, ८ फेब्रुवारी

संपादकांचा फोन. मला वाटलं, कळलं.

"तराजू, बसली आहेस ना? कंपनीच्या मीटिंगमध्ये तुझ्या ओळी वाचून दाखवतात. लेखक तुझा फॅन आहे."

"माझा?"

"तुझाच. म्हणतो, हा माणूस नेमकं बोट ठेवतो. माणूस म्हणाला हां, मी काही सुधारलं नाही त्याचं."

फोन ठेवल्यावर आधी आनंद झाला, हे इथे तरी कबूल करते. कुणीतरी मला वाचतं! मीटिंगमध्ये, मोठ्याने! मग डी आठवला.

म्हणजे दादाचा करार माझ्याच ग्रेडवर लटकलाय.

ए देऊन टाकू? पण तो ए खोटा आहे हे लेखकाला लगेच कळेल, आणि मग तराजूला कोण विचारणार? आणि तराजूला कोणी विचारलं नाही तर दादाला त्या ए चा उपयोग काय? घरातल्या घरात येरझाऱ्या. आई म्हणाली, "पायाला चाकं लागलीत का?"


शुक्रवार, ११ फेब्रुवारी

सापडलं! खोटं न बोलता.

दादा आजही वाईटच लढला. पण शेवटी दोरांवरून बाहेर फेकला गेला तो असा पडला की मी टाइप करायची थांबले. निकाल ठरलेला असतो, पण जमीन खरी असते. आणि पडण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही, हे मी बहीण म्हणून नाही, तराजू म्हणून सांगते. लिहिलं: "घुबडाला लढता येत नाही. पण पडावं तर घुबडानेच. लढत सी, पडणं ए. कंपनीला हे कधी दिसणार?"

आई: "केली."

आज मी: ए मायनस. झोप लागेल.


शुक्रवार, १८ फेब्रुवारी

दिसलं. कंपनीला दिसलं! आज घुबडाला शिडीवरून पाडलं. रिंगमध्ये उंच शिडी, वरून बुलडोझरने ढकललं, खाली टेबल. टेबलाचे दोन तुकडे. लोक उभे राहून ओरडत होते. घुबड, घुबड! आजवर त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

बी प्लस दिला. डोळ्यांत पाणी आलं होतं, टाइप करताना चुका झाल्या.

माझ्या एका ओळीवरून त्यांनी सबंध प्रसंग लिहिला. कथा छापून आल्यावर असंच वाटत असेल का?

आई जरा थांबून म्हणाली, "केली." टीप मात्र वाकडी गेली होती, उसवून परत मारली.


रविवार, २० फेब्रुवारी

दादा आला तो मान न वळवता. हाक मारली की अख्खा वळतो, कपाटासारखा. मी म्हणाले, राजेसाहेब, मुजरा. तो म्हणाला, "हसा. हसा. आखडलीय जरा."

आईने तेल गरम केलं. तो नको म्हणाला. दादा तेल नको म्हणतो, हे पहिल्यांदाच.

"तुझ्या तराजूला आवडलं म्हणे."

"माझ्या?"

"म्हणजे त्या. त्या तराजूला." पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली, "ए शहाणे, उघडून दे." मी उघडून दिली. पैलवान म्हणे! "मला एक सांग. तू वाचतेस त्याचं. त्याला अजून काय आवडेल?"

मला इतकं बरं वाटलं त्याने मला विचारल्याचं. लहानपणापासून त्याला मी कधी काही सांगितलं आणि त्याने ऐकलं असं झालेलं नाही.

"उंची," मी म्हणाले.

"उंची," तो म्हणाला, आणि डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला.


शुक्रवार, ४ मार्च

गेल्या शुक्रवारी पुन्हा शिडी. तेच टेबल, तेच पडणं. बी. आज तर बी मायनस. काय करणार, तेच ते बघून लोक जांभया द्यायला लागले. आजचं पडणं तर आधीच्यापेक्षाही ढिलं. मार्चअखेर जवळ येतेय आणि आम्ही खाली घसरतोय. आम्ही!

जाहिराती संपत आल्या होत्या. काहीतरी झणझणीत हवं होतं. लिहिलं: "शिडी आता पाठ झाली. पैलवान येतात त्या पडद्याशेजारी दिव्यांचं ते उंच मचाण आहे ना? घुबड त्यावरून पडला तर तराजू आयुष्यातला पहिला ए प्लस देईल."

गेलं.

ए प्लस मी कुणालाच दिलेला नाही. जानेवारीत एका लढतीला सगळे म्हणत होते द्यायला हवा. तेव्हा पंचाने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली होती. पंचाची फुली म्हणजे नाटक बंद, खरंच लागलंय. अख्खं स्टेडियम गप्प, आणि मग मेल्यासारखा पडलेला पैलवान टुणकन उठून जिंकला. फुलीही खोटी होती. सगळे फसले, मीही. तरी बी प्लसच दिला. फसवल्याबद्दल ए प्लस नाही.

आई: "आज उशिरा केली."

"काय?"

"टकटक. उशिरा केली त्याने."

"अगं, नाटक वाढवलं असेल. दुखल्याचं दाखवावं लागतं."

आईने मशीनवरचं कापड काढून घडी घातली.


बुधवार, ९ मार्च

आईशी भांडण. म्हणाली, त्याला डॉक्टरकडे ने. मी म्हणाले, कंपनीचा डॉक्टर असतो, दर आठवड्याला तपासतो. "तो काय तपासणार? त्याला शुक्रवार दिसतो." बरं, मग तू सांग ना त्याला. "माझं नाही ऐकत. तुझं ऐकतो."

"माझं? माझं कधी ऐकलंय त्याने?"

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून आत गेले. काय होतं त्या बघण्यात, कळलं नाही. ग्रेड देता येईना.


रविवार, १३ मार्च

मचाण ठरलं. येत्या शुक्रवारी.

दादाने चहा पिता पिता सांगितलं, ग्लास दोन्ही हातांत धरून. खाली गाद्या असतील, वरून काळं कापड, टीव्हीवर दिसणार नाहीत. लेखक स्वतः बोलला म्हणे त्याच्याशी: हे जमलं तर करार पक्का.

आईने मशीन थांबवलं. "मुखवटा शिवणार नाही मी."

"जुना आहे माझ्याकडे."

"उसवलेला आहे."

"मग उसवलेला घालेन."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्याला सोडायला खाली गेले. जिन्यात कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता. म्हातारा झालास, म्हणणार होते, म्हटलं नाही.

"दादा, आजारी आहेस म्हणून कळव ना."

"आणि पुढच्या शुक्रवारी? तराजूला काय सांगू?"

"तराजू गेला खड्ड्यात!"

"असं नको बोलू," तो म्हणाला. "एवढं नीट बघणारं दुसरं कोणी नाही मला. बाकीचे मुखवटा बघतात."

तोंडापर्यंत आलं होतं. मीच ती. नको चढू. मीच लिहिलं, मलाच नको आहे. पण मग तराजू राहणार नाही, ए प्लस राहणार नाही, करारही नाही, आणि दोष सगळा माझा. गिळलं. तो म्हणाला, "चिमणे, जा वर. आईला शांत कर." कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले. हात हलवायला त्याने मागे वळून बघितलं नाही. मान.


शुक्रवार, १८ मार्च

साइटवर गेलेलं जसंच्या तसं:

"लढत तिसरी. बुलडोझर विरुद्ध घुबड. ग्रेड: ए प्लस.

हो, बरोबर वाचलंत. मचाणाच्या टोकावर घुबड एक क्षण थांबला, खाली नाही, थेट कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि गेला. पडल्यावर तो हललाच नाही. दुखल्याचं एवढं संयमी नाटक या शोमध्ये कुणी केलेलं नाही. पंचाने हात वर नेऊन फुली केली. जुनी युक्ती, पण या वेळी समालोचकही गप्प, आणि ती शांतता लाखमोलाची. तराजूने शब्द दिला होता. तराजू शब्द पाळतो."


शनिवार, १९ मार्च

बोटं हलली नव्हती.

मी टाइप करत होते. आई म्हणाली, हात बघ. मी म्हणाले, थांब गं, जाहिराती लागल्यात. आई म्हणाली, हात बघ त्याचा. मी "लाखमोलाची" लिहीत होते. आई उभी राहिली, मांडीवरची पॅन्ट, कात्री, सगळं खाली पडलं. मी म्हणाले, आई, ते नाटक आहे. आणि पाठवलं.

जाहिराती संपल्या तेव्हा पडद्यावर दुसरीच लढत होती. घुबडाचं नाव कोणी घेईना. फोन वाजला. आईने उचलला.

तो गाद्यांवरच पडला. आधीपासूनच मानेत काहीतरी गेलेलं होतं, डॉक्टर म्हणाले, कित्येक आठवडे. हाताला मुंग्या, पकड जाणं, हे काही दिसलं नाही का घरात कुणाला?

आईने माझ्याकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं.


मंगळवार, २२ मार्च

मानेचं ऑपरेशन झालं. सूज उतरल्यावर कळेल, म्हणतात. काय कळेल ते म्हणत नाहीत.

संपादकांना फोन केला. सर, ती ग्रेड काढा. म्हणाले, "बदलत नाही, तुला माहीत आहे. आणि तुला कसं कळणार होतं? सगळेच फसले." मी म्हणाले, तो माझा भाऊ आहे. मग म्हणाले, "मग तू डी का द्यायचीस त्याला?"

उत्तर होतं माझ्याकडे. फार छान उत्तर होतं. आता आठवत नाही.

कंपनीचाही फोन आला, आईला. करार वाढवला म्हणे.


गुरुवार, २४ मार्च

आज बोलला. आवाज कुजबुजण्याएवढाच. मान पट्ट्यात, नजर छताला. दोन्ही हात चादरीवर, कुणीतरी ठेवून दिल्यासारखे. आई उजव्या हाताजवळ स्टुलावर. शनिवारपासून तिथेच बसलेली असते.

"किती?" तो म्हणाला.

"काय किती?"

"तू किती दिलेस?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि पलंगाचा दांडा धरला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"डी दिलास तेव्हापासून." थांबून श्वास घेतला. "डाव्या डोळ्याची शिवण. टीव्हीवर नाही दिसत ती. आपल्याच घरात दिसते." ओठ जरा हलले. हसत होता. "सांग ना. किती?"

"ए प्लस."

"खरं?"

"दादा, मी..."

"खरा दिलास? की भाऊ म्हणून?"

"खरा," मी म्हणाले. आणि ते खरं होतं. तेच तर.

त्याने डोळे मिटले. बरं वाटलं त्याला. तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि ते मला बघवेना. नर्स आली, सलाईन बघून गेली. मला वाटलं, झोपला.

"आई," तो म्हणाला.

"इथेच आहे बाळा."

"बघतेयस ना?"

"बघतेय."

"करतोय मी. केव्हाचा करतोय." डोळे छताला. खाली बघता येत नाही त्याला. "दिसतेय ना? टकटक?"

हात चादरीवर होता तसाच होता. चादरीची सुरकुतीसुद्धा हलत नव्हती.

आईने त्या हातावरची नजर काढली. ती असं कधीच करत नाही. माझ्याकडे बघितलं.

"दिसतेय," मी म्हणाले. "दोन्ही बोटं, दादा. एकदम स्पष्ट."